मुंबई ते लंडन किती तास?

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. याच शाळेत मला पंधरा मिनिटं मिळायची ती बाकावर उभं राहायला. आज माइकसमोर उभा आहे, म्हणजे चाळीस वर्षांत थोडी प्रगती झाली म्हणायची.

विषय काय घेऊ असं विचारलं, तेव्हा संयोजक म्हणाला, ‘लंडनबद्दल बोल की.’ मला ते पटेना. लंडन तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय, प्रत्यक्ष नाहीतर सिनेमात तरी. त्यापेक्षा मी लंडनच्या अलीकडचं बोलतो, म्हणजे मधल्या अंतराबद्दल. कारण मी १९९९ साली तिकडे गेलो, तेव्हापासून चिपळूणला आलो की बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती तास लागतात रे?’ मी सांगतो, ‘नऊ-साडेनऊ.’ आणि दुसरा प्रश्नही ठरलेला असतो, ‘आणि मुंबईहून इथपर्यंत?’ मग सगळे हसतात. कारण मुंबई-गोवा महामार्गाचं काम दहा वर्षांहून जास्त काळ आपण सगळ्यांनी आपल्या कंबरेने मोजलेलं आहे. अडीचशे किलोमीटरला मला एकदा नऊ तास लागले. त्या दिवशी मुंबईहून लंडन आणि मुंबईहून चिपळूण अगदी सारख्या अंतरावर होते.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की मी वैमानिक आहे. आईने तसं कुणाकुणाला सांगून ठेवलंय, तो गैरसमज आज दूर करतो. मी विमान चालवत नाही. विमान कुठल्या वाटेने न्यायचं, किती उंचीवरून न्यायचं, किती इंधन भरायचं याचा आराखडा करणाऱ्या खात्यात मी काम करतो. जमिनीवर, खुर्चीत बसून. थोडक्यात, ‘किती तास लागतात’ याचं उत्तर देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आणि तो धंदा मला या शाळेत शिकवला गेला, नववीच्या वर्गात, भूगोलाच्या तासाला. सर समोरच बसले आहेत, तेव्हा काही वाढवून सांगणार नाही.

आठवतं का बघा. सरांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता आणि विचारलं होतं, ‘मुंबईहून लंडनला सर्वांत जवळची वाट कोणती?’ मी हात वर केला. पुढे गेलो, मोठी लाकडी पट्टी घेतली, मुंबईवर एक टोक, लंडनवर दुसरं, आणि रेघ दाखवली. इराणचं आखात, इराक, तुर्कस्तान, ग्रीसचं वरचं टोक, आणि पुढे लंडन. सरळ रेघ, त्यात चुकायचं काय? सर म्हणाले, ‘शून्य. जागेवर जा.’

मग सरांनी शेजारच्या वर्गातून शिवणाच्या बाईंकडून दोऱ्याचं रीळ मागवलं आणि टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला, एक टोक मुंबईवर आणि दुसरं लंडनवर. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. तो इराकवरून गेलाच नाही. मुंबईहून निघाला तो थेट कराचीवर, तिथून तिरका इराण ओलांडून, कास्पियन समुद्राच्या कोपऱ्यावरून, काकेशसचे डोंगर आणि काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाने युक्रेन, पोलंड, जर्मनी असा लंडनला. आम्ही बघतच राहिलो. नकाशा कागदाचा, सपाट. पृथ्वी गोल. संत्र्याची साल सपाट करायला गेलं की फाटते किंवा ताणली जाते, तसा नकाशा कुठेतरी ताणलेला असतोच. त्यामुळे पट्टीची सरळ रेघ ही जवळची वाट नसते.

पुढची गंमत खरी गणिताची. सरांनी तोच दोरा उचलला आणि गोलावरच्या विषुववृत्तावर ठेवला. तिथे अंश लिहिलेले असतात. दोरा भरला पासष्ट अंश. पृथ्वीचा घेर चाळीस हजार किलोमीटर, भागिले तीनशे साठ, म्हणजे एका अंशाला साधारण १११ किलोमीटर. पासष्ट गुणिले एकशे अकरा, सात हजार दोनशे पंधरा. आज संगणक मला मुंबई आणि लंडनच्या मुख्य विमानतळांमधलं अंतर सांगतो ते सुमारे ७,२१० किलोमीटर. एक रीळ आणि एक गोल, एवढ्या सामानावर सरांची चूक पाच-सहा किलोमीटरची. एवढं तर आपलं बहादूरशेख नाक्यापर्यंत जाऊन यायचं अंतर.

तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, ‘सर, विमानं याच दोऱ्यावरून जातात का?’ सर म्हणाले, ‘मी अंतर विचारलं, वाट नाही विचारली. वाटेत कोण जाऊ देतं आणि कोण नाही, हा वेगळा विषय.’ त्या काळात त्या दोऱ्याचा मोठा तुकडा सोव्हिएत रशियावरून जात होता. सरांचं ते वाक्य मला कळायला नोकरीची वीस वर्षं जावी लागली.

थोडं मागचं सांगतो. १८६९ साली सुएझ कालवा उघडला. त्याआधी मुंबईहून लंडनला जाणारी बोट आफ्रिकेला वळसा घालायची, जवळजवळ १९,८०० किलोमीटर. कालव्यामुळे ते अंतर सुमारे ११,६०० वर आलं. तरीही दोन-तीन आठवडे जायचेच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला छोट्या विमानातून टपाल घेऊन आले, त्यात लंडनहून कराचीपर्यंत आलेलं टपाल होतं. आणि ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनिव्हा इथे थांबत १० जूनला पोचलं. म्हणजे स्वतंत्र भारताच्या पहिल्या वर्षात हा प्रवास तारखेने दोन दिवसांवर आला होता. आज सकाळचा चहा मुंबईत आणि दुपारचा लंडनमध्ये.

पण सात हजार दोनशे किलोमीटरला साडेनऊ तास का? विमान ताशी नऊशेने जातं, म्हणजे आठ तासांत पोचायला हवं. हा प्रश्न मला आपल्या वर्गातल्या एका हुशार मैत्रिणीने विचारला होता, म्हणून उत्तर देतो. पहिलं कारण, विमान दोऱ्यावरून जात नाही. वळसा धरून सात हजार सहाशे होतात असं समजा. दुसरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर वारा बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर जास्तच जोरात. गोवळकोटच्या धक्क्यावरून ज्यांनी होडी मारली आहे त्यांना हे सांगायला नको. ओहोटीबरोबर खाली जाताना वल्ह्याला हात लावावा लागत नाही, आणि उलट यायचं तर खांदे भरून येतात. वल्हवणारा तोच, होडी तीच. विमानाला समोरून ताशी साठचा वारा लागला, तर नऊशेचे होतात आठशे चाळीस, आणि सात हजार सहाशेला लागतात नऊ तास. तोच वारा पाठीवर घेतला तर नऊशे साठ, आणि तेच अंतर आठ तासांत. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, चढणं, उतरणं, लंडनवर घिरट्या घालणं. म्हणून जाताना साडेनऊ, कधी दहाच्याही वर. येताना साडेआठ-नऊ.

हे मी आईला पहिल्यांदा समजावलं तेव्हा तिने तिकीट हातात घेतलं. सकाळी सातला मुंबईहून निघणार, दुपारी बाराला लंडनला पोचणार. परत येताना सकाळी दहाला निघणार आणि रात्री साडेअकराला मुंबई. आई म्हणाली, ‘जाताना पाच तास आणि येताना साडेतेरा? तू मला वारा सांगतोस तो उलटाच आहे.’ मी तिला घड्याळं सांगितली. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. ती म्हणाली, ‘म्हणजे मी रात्री नऊला दिवा मालवते, तेव्हा तुझी कचेरी सुटायची असते.’ तिने वेळेचा फरक असा लक्षात ठेवला, आणि त्यानंतर कधी चुकली नाही.

आता वाटेचं. आम्ही आराखडा करतो तेव्हा सर्वांत आधी कुठलं आकाश बंद आहे ते बघतो. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं बंद झालं, ते अजून बंद आहे. २०२५ च्या एप्रिलपासून पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना वाट बंद केली. म्हणजे सरांच्या दोऱ्यावरचं कराची गेलं, युक्रेन गेलं. मग भारतीय विमानं जातात कुठून? अरबी समुद्रावरून, आखाताच्या बाजूने, इराक, तुर्कस्तान, असं करत युरोपात. सर, ही साधारण माझ्या पट्टीचीच रेघ आहे! चाळीस वर्षांनी का होईना, माझं उत्तर बरोबर आलंय. त्या शून्याचा फेरविचार व्हावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

सर मान हलवताहेत. नाही म्हणताहेत. ठीक आहे.

इथपर्यंतचं भाषण मी लंडनहून लिहून आणलं होतं. पुढचं काल रात्री आपल्या घरी बसून लिहिलं, आणि ते बोलावं की नाही हे आत्ता माइकपर्यंत येईस्तोवर ठरत नव्हतं.

२२ जुलै २०२१, गुरुवार. तुमच्यापैकी इथे राहणाऱ्या कुणालाही ती तारीख सांगायला नको. लंडनला रात्रीचा एक वाजला होता, इथे पहाटेचे साडेपाच. आईचा फोन आला. ‘पाणी पायरीला लागलंय. २००५ ला उंबऱ्यापर्यंत आलं होतं, तेवढंच येईल. तू झोप.’ मी म्हटलं, वर माळ्यावर जा. ती म्हणाली, ‘बघते.’ त्यानंतर फोन लागला नाही. तिचा नाही, शेजाऱ्यांचा नाही, तुमच्यापैकी कुणाचाच नाही.

मी त्या आठवड्यात रात्रपाळीला होतो. माझ्यासमोर चार पडदे होते. अटलांटिकवरचं, सहारावरचं, कुठलंही आमचं विमान नेमकं कुठे आहे, किती उंचीवर आहे, किती इंधन उरलंय, ते मला दिसत होतं. आणि आपल्या बाजारपेठेतल्या एका घरात सत्तर ओलांडलेली एक बाई माळ्यावर चढली की नाही, ते मला कळत नव्हतं. बातम्यांत बोटी दिसायला लागल्या. एसटी स्टँडवर फक्त गाड्यांची टपं दिसत होती. आमच्या गल्लीचं एकही चित्र कुणी दाखवलं नाही.

निरोप मिळाला तो शुक्रवारी संध्याकाळी, इथल्या रात्री साडेआठला. पहाटेच्या फोनपासून एकोणचाळीस तासांनी. आपल्यातला एक जण चिखलातून चालत जिथे रेंज मिळेल तिथपर्यंत गेला, त्याने डोंबिवलीच्या आपल्या वर्गमैत्रिणीला फोन केला, आणि तिने मला. ‘काकू सुखरूप आहेत’, एवढंच ती म्हणाली. मग आम्ही दोघंही काही वेळ काही बोललो नाही.

काय झालं होतं ते नंतर कळलं. माझ्या बाकावर बसणारा माझा मित्र. त्याचं नाव घेतलं तर तो उठून बाहेर जाईल, म्हणून घेत नाही, पण तुम्ही सगळे त्याच्याकडेच बघताय. त्याचं दुकान खालच्या अंगाला. पाणी वाढायला लागलं तेव्हा त्याच्याकडे फार तर अर्धा तास होता. तेवढ्यात त्याला निदान गल्ल्यातले पैसे आणि हिशोबाच्या वह्या वर नेता आल्या असत्या. तो ते सोडून माझ्या आईकडे गेला. छातीएवढ्या पाण्यातून, आपल्या मुलाला बरोबर घेऊन, दोर बांधून त्यांनी तिला शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर नेलं. आईच्या एका हातात गॅसचं पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात लोणच्याची बरणी. ती बरणी सोडायला तयार नव्हती, असं तो सांगतो. रात्री त्या मजल्यावर तीसेक माणसं होती आणि कुणाकडे तरी नुसता भात होता. मग बरणी उघडली. त्याचं दुकान मात्र छतापर्यंत बुडालं होतं.

शनिवारी आईशी बोलणं झालं. ती म्हणाली, ‘आता येऊ नकोस. इथे चिखल काढायला माणसं आहेत.’ मी तुम्हा सगळ्यांना ग्रुपवर कळवलं, ‘यायचं होतं रे, पण विमानंच नाहीत.’ तुम्ही लिहिलंत, काळजी करू नको, आम्ही आहोत. आठ दिवस तुम्ही माझ्या घरातला चिखल फावड्यांनी ओढलात. शिवणाच्या बाईंनी त्या वयात पिठलं-भाताची पातेली पाठवली. सर काठी टेकत आईला बघायला आले.

मित्रांनो, विमान होतं.

करोनाचा काळ होता, विमानं थोडी होती, पण होती. माझं रविवारचं तिकीट काढून झालं होतं. ते मीच रद्द केलं. भारत तेव्हा ब्रिटनच्या लाल यादीत होता. परत गेल्यावर दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यायचं, त्याचे साडेसतराशे पौंड आपणच भरायचे. त्या वर्षी आमच्या खात्यातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, आणि महिनाभर गेलो तर माझीही रिकामी होईल अशी भीती होती. ही कारणं खोटी नव्हती. पण मी काय केलं, ते सांगतो. मी कागद घेतला आणि हिशोब मांडला, रोज कामावर मांडतो तसा. नऊ तास विमान, पुढे रस्ता कुठे खचला असेल ते माहीत नाही, म्हणजे पोचायला दोन-तीन दिवस. तिथे मी चार दिवस चिखल काढणार. त्यासाठी दहा दिवस कोंडवाडा. आकडे सगळे बरोबर होते. फक्त उत्तर काय यायला हवं, हे मी आधी ठरवलं होतं. आणि ‘मी आलो नाही’ असं लिहायची लाज वाटली, म्हणून ‘विमानं नाहीत’ असं लिहिलं.

ऑगस्टच्या ८ तारखेला भारत लाल यादीतून निघाला. मी आलो १८ सप्टेंबरला. तोवर भिंती धुऊन झाल्या होत्या, नवा फ्रिज आला होता, आणि आई मला दारात म्हणाली, ‘बूट बाहेर काढ, आत्ता लादी पुसली आहे.’ कुणीही मला एका शब्दाने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांना भेटायला गेलो. सरांनी नेहमीचाच प्रश्न विचारला, ‘किती तास लागले?’ मी म्हटलं, ‘नऊ तास, सर.’ सर कॅलेंडरकडे बघून म्हणाले, ‘बावीस जुलैपासून धर. अठ्ठावन्न दिवस.’ ते रागाने बोलले नव्हते. नववीत शून्य देताना त्यांचा जो आवाज होता, तोच होता. मग त्यांनी चहा मागवला आणि शाळेतल्या गोलाचं सांगितलं. तो पाण्यात सापडला होता, निम्म्या जगाचा कागद सुटून आलेला.

चार वर्षं मी हे मनात ठेवलं. आई पुढच्या रांगेत बसली आहे. आई, तूही हे आज पहिल्यांदाच ऐकते आहेस. आणि तू, माझ्या बाकावरच्या मित्रा, तुझ्या दुकानाबद्दल मी तेव्हा जे पैसे पाठवले ते तू परत पाठवलेस, ‘आधी काकूंच्या घराचं बघ’ म्हणून. तुझे आभार मानायला मला चार वर्षं तोंड नव्हतं, कारण आभारांच्या आधी हे सांगायला हवं होतं. आता सांगितलं. आता मनापासून आभार मानतो.

एवढ्यावर खाली बसलो तर फक्त माझं ओझं हलकं होईल. म्हणून एक कामाची गोष्ट सांगतो.

बहुतेक विमानं निघायच्या आधी आमच्या कागदावर एक ओळ असावी लागते, ती पर्यायी विमानतळाची. लंडनला धुकं पडलं, धावपट्टी बंद झाली, तर हे विमान कुठे उतरेल, आणि तिथे पोचण्याइतकं इंधन त्यात आहे का. त्याशिवाय वर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्याइतकं राखीव इंधन. वेळ आली की बघू, असं तिथे चालत नाही. निघायच्या आधीच लिहायचं. मी सव्वीस वर्षांत अशा हजारो ओळी लिहिल्या असतील. आणि माझ्या आईसाठी मी ती ओळ कधी लिहिली नव्हती. ती तुम्ही न सांगता झालात. पण हे दर वेळी नशिबावर सोडायचं का?

आपल्या तुकडीतले आज निम्म्याहून जास्त जण बाहेरगावी आहोत. मुंबई, पुणे, बडोदा, दुबई, लंडन, अमेरिका. आणि आपले आईवडील, सासू-सासरे, आणि हो, आपले शिक्षकही, इथे आहेत. म्हणून एक वही करूया. बाहेर राहणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांपुढे गावातल्या दोघांची नावं लिहायची, त्या दोघांना विचारून. एक नदीच्या या बाजूचा, एक त्या बाजूचा, कारण पूल बंद झाला तर दोघंही एकाच बाजूला असून उपयोग नाही. घरात रोजच्या गोळ्या कुठल्या, गॅस कुठे बंद करायचा, जवळचा दुसरा मजला कुणाचा, आणि रेंज गेली तर कुठे जाऊन कुणाला फोन करायचा, एवढं त्यात असू दे. दर वर्षी मे महिन्यात ती वही तपासायची. खर्च बाहेर राहणाऱ्यांनी करायचा. गावात राहणाऱ्यांकडून आपण आजवर पुरेसं घेतलं आहे.

आणि माझ्यापुरतं सांगतो. पुढच्या वर्षीपासून जुलैचे तीन आठवडे मी इथे असेन. रजा आजच मंजूर झालेली नाही, पण अर्ज दिला आहे, आणि या वेळी हिशोब उलट्या बाजूने मांडला आहे, म्हणजे आधी तारीख आणि मग बाकीचं. मला पोहता येतं आणि फावडंही धरता येतं. वहीत पाच घरांपुढे माझं नाव लिहा.

शाळेसाठी मी एक नवा पृथ्वीगोल आणला आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवला आहे, आणि सरांच्या सूचनेप्रमाणे तो या वेळी वरच्या मजल्यावर राहील. त्याबरोबर दोऱ्याचं एक रीळही आहे. शिवणाच्या बाईंचं एक रीळ १९८४ पासून माझ्याकडे उधार होतं.

मुलांना एवढंच सांगा की दोऱ्याने अंतर मोजता येतं. किती वेळ लागेल, ते मात्र निघणाऱ्यावर आहे.

पंधराची वीस मिनिटं झाली. बाकावर उभं करायचं असेल तर माझी तयारी आहे.